टिकलीचं वय

४ फेब्रुवारी

दादा,

वर 'तीर्थस्वरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. तुला वाटलं असतं, एवढा मान देतेय म्हणजे काहीतरी मागायला आली. मागायलाच आले आहे, पण ते शेवटी लिहीन. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच कचऱ्यात टाकलं असशील तर प्रश्न मिटला. वहिनीच्या हाती लागलं असेल तर तिने मोठ्याने वाचावं. तू पाठ फिरवून बसशील, पण कान काही फिरवता येत नाहीत.

पत्रात 'इकडे सर्व ठीक' असं लिहायची पद्धत आहे. इकडे ठीक नाही. बाबा अंगाने खडखडीत आहेत, तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त. पण डॉक्टर म्हणतात, विसरण्याचा आजार आहे आणि तो मागे फिरत नाही. आधी चष्मा विसरायचे, मग जेवलो की नाही ते. मग आई गेल्याचं विसरले. मी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले. आता मी सांगते की ती मावशीकडे गेली आहे. 'बरेच दिवस राहिली की,' म्हणतात.

सकाळचा चहा झाल्यापासून दहा-साडेदहापर्यंत त्यांचं डोकं बरं असतं. तेवढ्या वेळात मला ओळखतात, चहात साखर कमी पडली म्हणून बोलतात. मग धक्क्यावर जातात आणि लिलावाच्या शेडमागे उलट्या क्रेटवर बसून जाळं विणतात. मोठ्या डोळ्यांचं, जुन्या पद्धतीचं. चार बोटं घालून प्रत्येक डोळा मोजतात. हात काही विसरलेले नाहीत. कुणासाठी विणताय विचारलं तर म्हणतात, 'थोरल्यासाठी. येईल आता.'

धक्का तू सोडलास तसा राहिलेला नाही. साठ होड्या होत्या, त्यातल्या तेरा उरल्या. मासळीच्या भुकटीच्या कारखान्याचं धुराडं आठवड्यातून दोनदा पेटतं. मिळेल ते दळतात, खेकड्यांचे मोडके पायही. टिकली मासळी आता लागतच नाही. लिलाववाली अजून शेडमध्ये टिकलीच्या जागेवर पाणी मारून ठेवते, सवय म्हणून.

तुला बोल लावायला लिहीत नाहीये. पण एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. बारीक डोळ्यांचं जाळं आपल्या घरात तू आणलंस. बाबांनी हाताने विणलेलं मोठं जाळं काढून तू ते होडीत घातलंस. उद्या मला नावं ठेवशील तेव्हा हेही आठव.

आता मागणं. एकदा येऊन जा. बाबा तुला ओळखतायत तोवर. डॉक्टर म्हणाले, पावसाळ्यापर्यंत सांगता येईल, पुढचं नाही.

तुझी फूटपट्टी
(धक्क्यावर अजून हेच नाव चालतं. तू ठेवलेलं आणखी काही टिकलं नाही, हे टिकलं.)


२२ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी रोज पोस्टमनकडे बघते. तो आता माझ्याकडे बघून आधीच मान हलवतो.

काल बाबांनी मला विचारलं, 'तू त्या ऑफिसात नक्की काय करतेस गं?' एकवीस वर्षं झाली मला तिथे लागून. मग लक्षात आलं, तुलाही मी कधी धड सांगितलं नाही. तू विचारलं नाहीस, मीही नाकापेक्षा मोती जड झाल्यासारखी वागले. तर ऐक.

होड्या लागल्या की मी प्रत्येक ढिगातून पाटीभर मासे उचलायचे. चांगले निवडायचे नाहीत, हात जातील ते. आमच्या मासळी संशोधन केंद्रात आणून एकेक मासा फळीवर ठेवायचा, तोंड कडेला टेकवायचं आणि शेपटीच्या खाचेपर्यंत मोजायचं. टिकली बोटाएवढी, त्यामुळे फार वेळ लागत नाही. मग पोट फाडून अंड्यांची गाबोळी बघायची. कच्ची आहे, भरली आहे की रिकामी झाली आहे, त्याचे पाच आकडे आहेत. कल्ल्यामागे तो सोनेरी ठिपका असतो, ज्याच्यावरून आपण तिला टिकली म्हणतो, त्याचा कशाशी काही संबंध नाही. तो नुसताच असतो.

आणि शेवटी डोकं उघडून कानातले दोन खडे काढायचे. तांदळाच्या कणीहून लहान. मासा वाढतो तसा खडा वाढतो. मासा उपाशी राहिला की वाढ थांबते आणि खड्यावर एक काळी कडी उमटते. भिंगाखाली कड्या मोजल्या की माशाचं वय कळतं. मी हे पहिल्यांदा बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, 'माणसाला अक्कल आल्यावर कानाला खडा लावावा लागतो, यांना देवाने आधीच दिलाय.' आठवडाभर धक्क्यावर सगळ्यांना ऐकवत होते.

केंद्रात मुख्य कार्यालयातून एक नवी मुलगी आली आहे. चष्मेवाली, अर्ध्या वयाची, आणि मला 'ताई' म्हणून सगळं काम करून घेते. तिने एक घासायचं यंत्र आणलंय. त्यावर खडा इतका पातळ घासतात की पलीकडचं दिसावं. जुने खडे आहेत का म्हणून तिने विचारलं. मी कपाटातले सगळे डबे काढून दिले. न द्यायला काय कारण होतं?

तिने काहीतरी काढलं आहे. किचकट आहे, तुला कंटाळा येईल.

बाबा आजही क्रेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, 'टिकली लागली का?' लिलाववाली रोज म्हणते, 'उद्या लागेल.' तिचं बरं आहे.

ये रे एकदा.

धाकटी


१५ मार्च

दादा,

गेल्या पत्रात कंटाळा येईल असं लिहिलं, ते खोटं होतं. मला लिहायचं नव्हतं. आज लिहिते.

टिकली चार वर्षं जगत नाही.

खडा पातळ घासला की काळ्या कड्यांच्या मधे अगदी बारीक रेघा दिसतात. रोजची एक. चष्मेवालीने त्या मोजल्या. चार कड्यांच्या खड्यात सातशेच्या आसपास रेघा निघाल्या, म्हणजे दोन वर्षंसुद्धा पुरती नाहीत. तिने मला बोलावून भिंगासमोर बसवलं. मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजताना माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि ती म्हणाली, 'ताई, डोळे थकले असतील, उद्या बघू.'

आपल्या पाण्यात माशाचं खाणं वर्षातून दोनदा आटतं. म्हणून कडीही दोनदा उमटते. मी वर्षाला एक धरली होती. ज्या पुस्तकावरून आम्ही शिकलो ते थंड देशातलं. तिथे हिवाळा एकच, त्यामुळे कडीही एकच.

बहुतेक टिकलीच्या खड्यात दोनच कड्या असायच्या. म्हणजे वय एक वर्ष. जन्मते, वर्षाची होते, एकदा गाबोळी सोडते आणि संपते. दर वर्षी समुद्रातली सगळी टिकली नवीन. एका हंगामात गाबोळीवाली उपसली, तर मागे कुणीच उरत नाही. मी मात्र लिहून दिलं होतं की ही चार वर्षं जगते, तीनदा तरी अंडी घालते, लहान उचलली तरी थोरली पुरून उरते. माझ्या त्या आकड्यावर बारीक जाळ्याला परवानगी मिळाली. त्याच आकड्यावर कारखाना आला.

पुढचं तू पाहिलं आहेस. पहिली दोन वर्षं होड्या काठोकाठ भरून यायच्या. कारखान्याच्या दारात ढीग, मासे वाफेत शिजवायचे, दाबायचे, तेल एका नळाने, पाणी दुसऱ्या नळाने, उरलेलं वाळवून दळून पोत्यात. कोंबड्यांना, कोळंबीला घालायला. बाबा म्हणायचे, 'माशाचं पीठ करून माशाला घालतात, मग मासा कशाला होता?' तेव्हा मी हसले होते.

ती सभा तुला आठवते, मला माहीत आहे. तू शेवटी त्यावरूनच माझ्याशी बोलणं टाकलंस. केंद्राच्या हॉलमध्ये सगळा धक्का बसलेला. साहेब खुर्चीवर, मी तक्त्याजवळ काठी घेऊन. बाबा मागच्या बाकावरून उठले. म्हणाले, 'चार वर्षं जगते तर चार मापांची दिसायला हवी. मला जन्मभर एकच माप दिसलं. ही वर्षभराची पाहुणी आहे.' मी सांगितलं की पहिल्या वर्षानंतर वाढ मंदावते, म्हणून माप सारखं दिसतं. मग ते म्हणाले, 'कडी थंडीत पडते म्हणतेस. आपल्याकडे थंडी कुठली, पोरी?'

दादा, एवढा सरळ प्रश्न मला पुढे कुणी विचारला नाही. साहेबांनी नाही, मुख्य कार्यालयाने नाही. बिनशाळेच्या एका माणसाने मागच्या बाकावरून विचारला. आणि मला उत्तर येत नव्हतं. म्हणून मी म्हटलं, 'बाबा, समुद्रात जायला छाती लागते, मोजायला शाळा लागते.'

सगळा हॉल हसला. बाबा खाली बसले. बाहेर पडल्यावर तू म्हणालास, 'बापाला चार माणसांत तोंडघशी पाडलंस.' मी म्हटलं, तू अडाणी आहेस.

अकरा वर्षांनी उत्तर सापडलं. आपल्याकडे थंडी नाही.

तू ये. आपण दोघं मिळून त्यांना सांगू की तुमचंच बरोबर होतं. मला एकटीला जमत नाही.

धाकटी


२ एप्रिल

दादा,

अजून एक आहे. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं मागचं पत्र टाकल्यापासून माझं झालं आहे.

मागच्या पत्रावरून तुला वाटलं असेल की चूक पुस्तकाची होती. साहेबही तेच म्हणतात. ते म्हणाले, 'त्या काळात सगळे तसंच मोजत होते, तुमचा काय दोष?' नव्या अहवालाच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ जाणार आहे, 'वयाचा आकडा सुधारला आहे.' बैल गेला आणि झोपा केला. मी मान डोलावली आणि बाहेर आले.

पण त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट लिहिली होती. कडी वर्षातून एकदाच उमटते की नाही, हे पडताळून बघा. दर महिन्याचे खडे घ्या, बाहेरची कड काळी कधी दिसते ते पाहा. एकाच हंगामात दिसली तर ठीक. मी पाहिलं होतं. मोजणीच्या पहिल्याच वर्षी पाहिलं. कड एकदा काळी झाली, मग उजळली, आणि सहा महिन्यांनी पुन्हा काळी झाली. दुसऱ्या वेळी काळ्या कडेचे तेहतीस खडे होते.

मी ते पाकिटात घातले आणि वहीत लिहिलं, 'कड अस्पष्ट, वगळले.'

ती अस्पष्ट नव्हती, दादा. काजळाने ओढल्यासारखी होती.

का केलं ते लिहिते, मग तू काय ठरवायचं ते ठरव. मी तेव्हा दहा वर्षं होऊनही हंगामीच होते. अहवालाची तारीख जवळ आली होती. साहेब रोज विचारत, 'झालं का?' तेहतीस खडे धरले असते तर सगळं पुन्हा मोजावं लागलं असतं, आणखी एक वर्ष. आणि अहवालात माझं नाव छापून येणार होतं. आपल्या घरात कुणाचं नाव कधी छापून आलं होतं? मृत्यूच्या दाखल्यावर आईचं, तेवढंच. मला वाटलं, तेहतीसच तर आहेत. हजारातले तेहतीस.

बाबांनी विचारलं तेव्हा पाकीट माझ्या टेबलाच्या खणात होतं. म्हणून तर जीभ एवढी धारदार झाली. चोराच्या मनात चांदणं.

चष्मेवालीला मी पाकीट दिलेलं नाही. तिला डबे दिले, हे दिलं नाही. ते अजून खणात आहे, पेन्सिली आणि रबराच्या मागे.

बाबांना सांगायला तू हवास असं म्हणत होते. खरं कारण हे आहे की तू समोर असलास की मला सगळं सांगावं लागेल, पाकिटासकट. एकटी असले की मी पुस्तकापाशी थांबेन. मी स्वतःला ओळखते.

आता ते आठवड्यातले दोनच दिवस मला ओळखतात. एरवी 'बाई' म्हणतात. धक्क्यावर जाताना हात धरू देत नाहीत, परक्या बाईचा कसा धरायचा म्हणून. मी चार पावलं मागून चालते.

धाकटी


९ मे

दादा,

माझंच एप्रिलचं पत्र परत आलं. पाकीट फोडलेलं, पानं सगळी आत, आणि शेवटच्या पानामागे तुझ्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात एक ओळ: 'मला काय सांगतेस, त्यांना सांग.'

तू होडी विकून गेल्यापासून पाच वर्षांत तुझे हे पाच शब्द. मी दिवसभर ते पान पर्समध्ये घेऊन फिरले.

बरोबर आहे तुझं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, धीर माझ्यात नाही आणि मी तो तुझ्याकडून मागत होते. सांगते. ते मला ओळखतील त्या पहिल्या सकाळी सांगते, पाकिटासकट.

त्यांना एवढं तरी कळायला हवं की अख्ख्या धक्क्यात एकटे तेच बरोबर होते. बाकी काही परत येणार नाही. टिकली येणार नाही, होड्या येणार नाहीत, तूही येणार नाहीस असं दिसतं. पण हे एक त्यांचं आहे आणि ते माझ्याकडे अडकून पडलंय.

गेल्या आठवड्यात एकदाही ओळखलं नाही. वाट बघते आहे.

धाकटी


२१ मे

दादा,

सांगितलं. कसं झालं ते जसंच्या तसं लिहिते.

काल सकाळी चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, 'पोरी, साखर कुणाच्या घरी ठेवून आलीस?' लगेच पाकीट पर्समध्ये टाकलं (ते मी परवाच ऑफिसातून घरी आणून ठेवलं होतं) आणि त्यांच्याबरोबर निघाले. हातही धरू दिला. लिलाववालीने दोन क्रेट उलटे करून दिले. बाबांनी जाळं मांडीवर घेतलं, सुईत दोरा भरला. ऊन अजून चढलं नव्हतं. मी तिथेच सांगायला हवं होतं, पहिल्या मिनिटाला. पण मी आधी इकडचं-तिकडचं बोलले. जाळं छान होतंय म्हटलं. दोरा कुठून आणला विचारलं. पंधरा मिनिटं मी दोऱ्याबद्दल बोलले, दादा.

मग म्हटलं, 'बाबा, टिकली चार वर्षं जगत नाही. एकच वर्ष, फार तर दोन. तुम्ही सभेत म्हणाला होतात तेच खरं होतं.'

सुई थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की मला ओळखणारे बाबा गेले. पंधरा मिनिटांत.

'कोण म्हणालं असं?'

'तुम्हीच म्हणाला होतात.'

'छे. मी कशाला म्हणीन? चार वर्षं जगते. मोजलेलं आहे.'

'ते मोजताना चूक झाली. मुद्दाम झाली.' मी पाकीट काढलं, त्यांच्या तळहातावर खडे ओतले. 'हे बघा. हे मोजणाऱ्या मुलीने लपवले.'

त्यांनी ते नीट बघितलेही नाहीत. हात झटकला. तेहतीसच्या तेहतीस खाली सांडले, माशांच्या खवल्यांत आणि पाण्यात. ते इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते, सभेतसुद्धा नाही. म्हणाले, 'बाई, तुम्ही कोण लागून गेलात? माझ्या मुलीने मोजलंय ते. भिंगाखाली, एकेक. समुद्रात जायला छाती लागते, मोजायला शाळा लागते. हे तिने अख्ख्या धक्क्यासमोर सांगितलं, तक्त्याजवळ उभं राहून. सगळे हसले. मीही हसलो. म्हटलं, बघा, माझी पोरगी कशी बोलते.'

मग त्यांनी सुया ठेवायच्या कापडी पिशवीतून एक कागद काढला. घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेली. अहवालाचं पान. माझ्या नावाखाली पेन्सिलीची रेघ. 'वाचता येतं का? वाचा,' म्हणाले. मी वाचलं. मोठ्याने वाचायला लावलं.

नंतर थोडे निवळले. मला दुखावलं असं वाटलं असेल. समजावून सांगावं तसं सांगायला लागले. आता हे तुझ्यासाठी लिहिते, दादा, सावकाश वाच.

म्हणाले, 'बारीक जाळं घ्यायला माझा थोरला तयार नव्हता. दोन दिवस जेवला नाही. म्हणाला, बाबा, तुम्हीच बरोबर आहात, आपण मोठंच जाळं ठेवू. मी म्हटलं, असेन मी बरोबर. पण तिच्या घरचीच माणसं तिचा शब्द मानत नाहीत, असं धक्क्यावर कुणी म्हणता कामा नये. जाळं मी आणलं. थोरल्याला सांगितलं, तू आणलंस म्हण. नाहीतर तिला वाटेल, बाप भिडेखातर करतोय. त्याने ऐकलं. गुणी आहे.'

अकरा वर्षं मी तुला त्या जाळ्यावरून बोलत आले. फेब्रुवारीतल्या पत्रातसुद्धा बोलले. तू माझ्या तोंडावर कधीही म्हणू शकला असतास की मी नाही आणलं. त्यांनी सांगितलं म्हणून तू गप्प बसलास, होडी विकलीस तरी गप्प बसलास. तुम्ही दोघंही जाणून होतात की माझा आकडा चुकीचा आहे. दोघांनी मिळून तो पाळला, घर रिकामं होईपर्यंत. आणि मी टेबलाच्या खणात पाकीट ठेवून तुला अडाणी म्हणत होते.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. तू बरोबर होतास, एवढंच लिहिते. मला बाबांनाही हेच सांगायचं होतं, पण ते ऐकणारा माणूस आता तिथे नाही. मी उशीर केला. बाकी कुणी नाही, मीच केला.

खडे मी गोळा केले नाहीत. लिलाववालीने नळी सोडली आणि शेड धुऊन काढली.

ये म्हणून आता लिहीत नाही. तू आलास तर ते तुला 'अहो' म्हणतील आणि थोरला येणार आहे म्हणून सांगतील. तुझ्याने ते बघवणार नाही. जाळं अर्धं झालं आहे. पुरं झालं की पाठवते, त्यांनी ते तुझ्यासाठीच विणलं आहे.

आज सकाळी चार पावलं मागून धक्क्यावर गेले आणि दुसऱ्या क्रेटवर बसले. त्यांनी पाहुण्या बाईला विचारावं तसं मला विचारलं, 'तुम्हाला माहीत आहे का, टिकली किती वर्षं जगते?'

मी म्हटलं, 'चार वर्षं, काका.'

ते खूश झाले. 'कुणीतरी शिकलेलं दिसतंय तुमच्या घरात,' म्हणाले, आणि चार बोटं घालून पुढचा डोळा मोजायला लागले.

तुझी धाकटी